वितंडवादी कोणास म्हणावे?

श्रोतेहो, वाद घालणाऱ्या माणसाला नावे ठेवण्याच्या बाबतीत आपली मराठी भाषा कधीच गरीब नव्हती. वितंडवादी, हुज्जतखोर, तक्रारखोर, कज्जेदलाल, भांडकुदळ. आणखी पाचदहा शब्द आपणांपैकी कोणालाही सहज सुचतील. या सगळ्या शब्दांची एक मौज अशी की, ते कोणी स्वतःविषयी वापरीत नाही. आपण मांडतो तो मुद्दा असतो, दुसरा मांडतो ती हुज्जत असते. समोरच्याला एकदा यांतील एखादे विशेषण चिकटवले की त्याचे पुढचे बोलणे ऐकण्याची जबाबदारी आपोआप टळते. ही सोय फार मोठी आहे. आणि ज्यांच्या टेबलासमोर रोज कोणी ना कोणी गाऱ्हाणे घेऊन उभा असतो, त्या आम्हा सरकारी नोकरांना तर तिचा मोह विशेषच पडतो. म्हणून या शब्दांचे, त्यातही 'वितंडवादी' या शब्दाचे, कुळ आणि मूळ आज आपल्यापुढे मांडावे असे योजिले आहे.

या शब्दाकडे माझे लक्ष वेधले गेले ते कावेरीकाठी, पापनाशम या गावी. पापनाशम नावाची दोन गावे तमिळनाडूत आहेत. एक तिरुनेलवेलीकडचे आणि दुसरे तंजावर जिल्ह्यातले. मी सांगतो आहे ते दुसरे. तंजावराहून कुंभकोणमकडे जाताना लोहमार्गावरच हे तालुक्याचे ठिकाण लागते. कावेरीचाच एक फाटा, कुडमुरुट्टी नदी, जवळून वाहते. सभोवार दृष्टी पोचेल तिथवर भाताची खाचरे. गावात एकशेआठ शिवलिंगांचे देवालय आहे. खर आणि दूषण यांच्या वधाचे पाप फेडण्यासाठी प्रभू रामचंद्रांनी येथे शिवपूजन केले, अशी कथा तेथील लोक सांगतात आणि गावाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. शेजारीच तिरुप्पालैत्तुरै येथे नायक राजांच्या काळात बांधलेले विटांचे प्रचंड धान्याचे कोठार आजही उभे आहे. पापनाशम शिवन या थोर वाग्गेयकारांमुळे गावाचे नाव संगीताच्या जाणकारांना ठाऊक असते. पण या गावाने मला दिला तो एक जुनाच शब्द.

सरकारी कामानिमित्त मी तेथे काही दिवस होतो. त्या भागातील एका कचेरीत बसलो असताना एक वृद्ध शेतकरी कागदांचे पुडके घेऊन आत आला. त्याला पाहताच शेजारच्या कारकुनाने हलक्या आवाजात मला सावध केले, "विदंडावादी, सार!" मला तमिळ बेताचेच समजते, पण एवढे समजण्यास दुभाष्याची गरज नव्हती. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की 'विदंडावादम' हा शब्द तमिळ बोलीत रोजच्या वापरातला आहे. आई हट्टी मुलाला 'विदंडावादम करू नकोस' असे म्हणते, अगदी आपण 'वितंडवाद घालू नकोस' म्हणतो तसेच. फरक एवढाच की आपण मूळ शब्दातला 'आ'कार गाळून 'वितंड' केले. तमिळ माणसाने 'वितंडा' हे रूप जसेच्या तसे जपले.

मूळ शब्द 'वितंडा' असाच आहे. 'तड्' म्हणजे ताडन करणे, मारणे. त्याच धातूशी या शब्दाचे नाते जोडतात. तेव्हा शब्दाच्या पोटातच झोडपणे आहे. परंतु शास्त्राने त्याला जो अर्थ दिला तो फार मोजका आणि काटेकोर आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तिन्ही ओळीने येतात. दोन माणसे परस्परविरुद्ध बाजू घेऊन बोलू लागली म्हणजे त्या बोलण्याचे हे तीन प्रकार होऊ शकतात. सत्य काय ते कळावे म्हणून, प्रमाणांचा आधार घेऊन, गुरू आणि शिष्य किंवा दोन सहाध्यायी बोलतात तो वाद. 'वाद' हा शब्द शास्त्रात किती स्वच्छ आहे पाहा! आपण मात्र 'त्यांच्यात वाद झाला' असे म्हणतो तेव्हा बोलणे थांबल्याची बातमी देत असतो. न्यायालयाने 'वादी' आणि 'प्रतिवादी' हे शब्द सांभाळले, म्हणून त्यांची थोडी तरी अब्रू राहिली.

दुसरा प्रकार जल्पाचा. येथे जिंकण्याची ईर्षा असते, आणि त्यासाठी शब्दच्छलासारखी हत्यारेही उपसली जातात. शब्दच्छलाचे शास्त्रातले उदाहरण मोठे गमतीचे आहे. कोणी म्हणाला, हा मुलगा 'नवकंबल' आहे. म्हणजे त्याच्याजवळ नवे कांबळे आहे. त्यावर दुसरा विचारतो, कोठे आहेत नऊ कांबळी? मला तर एकच दिसते! मराठीतही 'नव' या शब्दाचे दोन्ही अर्थ चालत असल्यामुळे शेकडो वर्षांपूर्वीचा हा विनोद आपल्याला भाषांतरावाचून कळतो. असा माणूस कितीही चिडवणारा असला तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने असते: त्याला स्वतःचे असे काही म्हणणे असते आणि तो ते सिद्ध करू पाहतो.

तिसरी ती वितंडा. जल्पातून स्वतःची बाजू सिद्ध करण्याची जबाबदारी काढून टाकली की उरते ती वितंडा. वितंडा करणारा समोरच्याचे मत खोडतो, पण त्या जागी स्वतःचे मत मांडून ते सिद्ध करीत नाही. इतकीच व्याख्या. त्यात आवाज चढवण्याचा उल्लेख नाही, हट्टीपणाचा नाही, लांबण लावण्याचा तर नाहीच. भाष्यकार वात्स्यायनाने या मनुष्याला मोठ्या पेचात धरले आहे. तुझ्या बोलण्याचा हेतू काय, असे त्याला विचारावे. त्याने हेतू सांगितला तर तोच त्याचा पक्ष झाला आणि त्याचे वितंडापण संपले. सांगता आला नाही, तर त्याची गणना धड व्यवहारी माणसांत करता येत नाही आणि धड परीक्षकांतही करता येत नाही.

असे असूनही शास्त्राने वितंडेला हद्दपार केले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बियाणे रुजून कोंब वर आले की गुराढोरांपासून ते राखण्यासाठी शेतकरी काटेरी फांद्यांचे कुंपण घालतो. तत्त्वज्ञानाच्या कोवळ्या कोंबांना जल्प आणि वितंडा यांचे कुंपण तसेच उपयोगी पडते, असे सूत्रकार म्हणतो. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने 'खंडनखंडखाद्य' हा ग्रंथ रचला, तो याच रीतीने, इतरांच्या व्याख्या एकामागून एक खोडून काढीत. नागार्जुनावर तर प्रतिपक्षाने वितंडेचा आरोप शतकानुशतके केला, आणि त्यानेही आपला स्वतःचा असा सिद्धान्त नाही असेच सांगितले होते. म्हणजे हे विशेषण एके काळी फार मोठ्या माणसांनी धारण केले होते. आज आपण ते वेळेवर न उठणाऱ्या मुलावर आणि दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्या नागरिकावर खर्च करतो.

आता आपल्या इतर शब्दांकडे वळू. हुज्जत हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ पुरावा, प्रमाण. कज्जा हाही अरबीच. न्यायाधीशापुढचे प्रकरण हा त्याचा एक अर्थ, आणि तर्कशास्त्रात ज्याला विधान म्हणतात तो दुसरा. तक्रार या शब्दाचा अर्थ तर केवळ पुनरुक्ती, तीच गोष्ट पुन्हा सांगणे! तिन्ही शब्द पाठशाळेत आणि न्यायसभेत वाढलेले. पुरावा देणारा ऐकणाऱ्याला नकोसा झाला, म्हणून पुराव्याचीच हुज्जत झाली. एकदा सांगून कोणी ऐकले नाही म्हणून माणसाने पुन्हा सांगितले, त्या पुन्हा सांगण्याची तक्रार झाली. आणि तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा तो तक्रारखोर ठरला. या शब्दांचा अर्थ बिघडला याचा दोष आपण बोलणाऱ्याच्या माथी मारतो. मला वाटते, यात ऐकणाऱ्याच्या कंटाळ्याचा वाटा निदान अर्धा तरी असावा.

हेच शब्द पापनाशमच्या कचेरीत मला पुन्हा भेटले. तमिळमध्ये 'तकरारु' म्हणजे तंटा, बखेडा. 'वक्कील' तर आहेतच. खटल्याची पुढची तारीख पडली की 'वाय्दा' मिळाला म्हणतात. तो आपला वायदा. नद्यांच्या पाण्यावरून दोन राज्यांत जो झगडा चालतो त्यालाही 'तावा' हा शब्द लावतात, तो आपला दावा. कावेरीच्या पाण्याच्या लवादाची स्थापना १९९० साली झाली, अंतिम निवाडा २००७ साली आला आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ साली. इतकी वर्षे हा शब्द तेथील वृत्तपत्रांतून विसावला नाही, यात नवल ते काय?

हे शब्द तेथे कोणत्या वाटेने गेले ते एका वाक्यात सांगणे कठीण आहे. अर्काटच्या नबाबाच्या कचेऱ्या होत्या, पुढे कंपनीच्या झाल्या; आणि त्यांच्या जोडीला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तंजावरास भोसल्यांचे मराठी राज्य होते, त्याचे मोडी दप्तर होते. जाता जाता एक गोष्ट सांगतो. 'राजव्यवहारकोशा'शी ज्यांचे नाव जोडले जाते ते रघुनाथपंत हणमंते याच व्यंकोजीराजांचे कारभारी होते. धन्याशी पटेना म्हणून ते तेथून निघाले आणि शिवाजीमहाराजांना येऊन मिळाले. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा तो कोश पुढे सिद्ध झाला. पण हुज्जत आणि तक्रार या दोघी काही हटल्या नाहीत. त्यांचा स्वभावच तसा!

आता त्या वृद्ध शेतकऱ्याकडे येतो. त्याचे गाऱ्हाणे पाण्याचे होते. त्याच्या शेताकडे जाणाऱ्या पाटाच्या तोंडाशी दुरुस्ती झाली होती, आणि त्यानंतर पाणी पूर्वीइतके येत नाही असे तो म्हणत होता. त्याच्या अर्जावर जो अहवाल आला होता, त्यातील प्रत्येक वाक्यावर तो आक्षेप घेत होता. पाहणीची तारीख चुकीची, पाटाचे नाव चुकीचे, शेजारच्या जमिनीचा क्रमांक चुकीचा. अर्धा तास हे चालले. कारकून माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहत होता. न्यायसूत्रे मनात घोळत होती म्हणून म्हणा, किंवा दुसरे काही सुचले नाही म्हणून म्हणा, मी कारकुनाकरवी त्याला विचारले, "अहवाल चुकीचा आहे हे समजले. पण आजोबा, तुमचे स्वतःचे म्हणणे काय आहे?" म्हातारा क्षणभर थांबला. मग त्याने दोन बोटे वर केली आणि दोनच वाक्ये सांगितली. नव्या दुरुस्तीत दाराचा उंबरा पूर्वीपेक्षा वीतभर उंच झाला आहे, तो मोजावा. आणि वरच्या अंगाला कोणी तरी पाट कापून पाणी वळवले आहे, ते पाहावे.

ज्याच्याजवळ मोजून खरेखोटे करता येईल असे विधान आहे, त्याला वितंडवादी कसे म्हणावे? त्याला पक्ष होता. इतके दिवस तो विचारलाच गेला नव्हता. अहवालातील चुका काढण्याखेरीज त्याच्या हाती दुसरे काही आम्ही ठेवले नव्हते. पुढे मोजणी झाली. उंबरा खरोखरच उंच निघाला. वरच्या अंगाला पाट कापल्याची खूण मात्र सापडली नाही. आणि ती का सापडली नाही यावर त्या गृहस्थांनी मला आणखी पाऊण तास ऐकवले!

मी महाराष्ट्रातला आहे असे कळल्यावर तो एकदम प्रसन्न झाला आणि म्हणाला, "मग लावणी तुमचीच!" मी थोडा दचकलो. लावणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ढोलकी आणि घुंगरू उभे राहतात. एखाद्या कोकणवासीयाला भाताची लावणी आठवेल. या म्हाताऱ्याच्या मनात यांपैकी काहीच नव्हते. तो बोलत होता ते वादाविषयीच.

श्रोतेहो, तंजावरच्या मराठी अमदानीत महाराष्ट्रातून तेथे जे पोचले, त्यांत लावणीही होती. तमिळ मुलखात तिने तमिळ भाषा घेतली आणि नृत्य सोडून दिले. तिच्या सवालजवाबाच्या अंगाला मात्र तेथे बहर आला. माघ-फाल्गुनाच्या सुमारास त्या भागात 'कामन पंडिगै' म्हणजे कामदेवाचा उत्सव होतो. गावात एरंड, ऊस आणि पेंढा यांचा काम रोवतात आणि पौर्णिमेच्या सुमारास त्याचे दहन करतात. आपल्या होळीच्या मधोमध एरंड रोवण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन परके वाटणार नाही. या उत्सवात डफाच्या साथीवर गाणारे दोन पक्ष समोरासमोर बसतात. एकाचे नाव 'एरिंद कट्ची', म्हणजे जळलेला पक्ष. दुसऱ्याचे 'एरियाद कट्ची', म्हणजे न जळलेला पक्ष. वादाचा विषय एकच: शंकराच्या तिसऱ्या नेत्राच्या अग्नीने मदन जळला की नाही?

जळला म्हणणाऱ्यांची बाजू सरळ आहे. पुराणे त्यांना साक्ष आहेत. इतकेच नव्हे, तर मदनदहनाचे स्थानही त्यांच्या हाताशी आहे. मयिलाडुतुरैजवळ कोरुक्कै येथील शिवालय याच घटनेचे ठिकाण मानले जाते. न जळला म्हणणाऱ्यांचे काम अधिक अवघड आणि म्हणून अधिक रंगतदार. रतीने विलाप केला, शंकराला दया आली, आणि मदन देहावाचून जिवंत राहिला. म्हणून तर त्याला अनंग म्हणतात. शरीर जळले, तो कोठे जळला? जळला असता तर जगात अजून लग्ने कशी होतात? एकाने गाऊन प्रश्न टाकावा, दुसऱ्याने त्याच चालीत उत्तर देऊन उलटा प्रश्न टाकावा, असे रात्र रात्र चालते. चालते म्हणतो खरे. आता ही कला जाणणारे थोडेच उरले आहेत.

यातील 'कट्ची' या शब्दाकडे लक्ष द्यावे. संस्कृतातील 'कक्षा' या कुळातला तो शब्द मानतात. तमिळमध्ये राजकीय पक्षालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे 'पक्ष' या शब्दाचे नेमके तेच झाले: तर्कशास्त्रात प्रतिपादन, व्यवहारात बाजू, आणि निवडणुकीत चिन्ह. लावणीच्या बैठकीत मात्र कट्ची घेतल्याशिवाय बसताच येत नाही. एक बाजू पत्करावी लागते आणि उजाडेपर्यंत ती पेलावी लागते. नुसते दुसऱ्याला खोडून भागत नाही. गौतमाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा शुद्ध जल्प आहे. ईर्षा आहे, शब्दच्छल आहे, टोमणेही आहेत. परंतु वितंडा नाही.

आपल्याकडचा कलगीतुरा याच जातीचा. तुरेवाले शिवाचे म्हणजे पुरुषाचे श्रेष्ठत्व गाणार, कलगीवाले शक्तीचे. कूट प्रश्न घालायचे, ते सोडवायचे, आणि समोरच्या शाहिराला निरुत्तर करावयाचे. या दोन्ही वादांत अध्यात्म किती आणि अहंकार किती, याचा हिशेब मी करू धजत नाही. परंतु कलगीवाल्याला तुरा काय म्हणतो हे कान देऊन ऐकल्यावाचून गत्यंतर नव्हते. न ऐकता उत्तर देता येत नाही, आणि चाल चुकली तर बैठक हसते.

आणि आता या दोन्ही शब्दांचे काय झाले ते पाहा. दोन पुढारी एकमेकांवर आरोप करू लागले की आपली वृत्तपत्रे 'कलगीतुरा रंगला' असा मथळा देतात. तिकडे तमिळ वृत्तपत्रे अशाच प्रसंगी 'लावणी' म्हणतात. विधानसभेत सदस्य एकमेकांना उद्देशून बोलू लागले की 'ही काय लावणीची कचेरी आहे?' असा टोला येतो. कचेरी म्हणजे तिकडे गाण्याची बैठक. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच कलेला एकाच रीतीने खाली आणले. लावणी तंजावरास जाऊन वादाचे नाव झाली, ही तिची बढती म्हणावी की अवनती, यावर दोन कट्ची सहज उभ्या राहतील.

याच कावेरीच्या मुखाशी पुहार नावाचे प्राचीन नगर होते. तमिळ महाकाव्य 'मणिमेकलै' याचे कथानक तेथे सुरू होते. इंद्रोत्सवाची दवंडी पिटणारा त्या काव्यात विद्वानांना सांगतो की, शास्त्र जाणणाऱ्यांनी वादमंडपात चढावे. आणि त्याबरोबरच तो बजावतो की, जे आपले नव्हेत त्यांच्याशीही राग आणि कलह करू नये. त्या वादमंडपाचे नाव 'पट्टिमंडपम'. आज तमिळनाडूत सणासुदीला 'पट्टिमन्रम' नावाचे जे जाहीर वादविवाद होतात, त्यांच्या नावात तो जुना मंडप अजून उभा आहे. तेथे दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा एक मध्यस्थ बसतो. तोच शेवटी निर्णय देतो, आणि पुष्कळदा तो श्रोत्यांना पटत नाही.

कामदेवाच्या प्रश्नात मात्र असा कोणी मध्यस्थ नेमल्याचे मला तेथे कोणी सांगितले नाही. फाल्गुनात आपण होळीत एरंड रोवू, त्याच सुमारास पापनाशमच्या आसपासच्या खेड्यांतूनही एरंड रोवला जाईल. आणि मदन जळला किंवा नाही, हे प्रकरण तेथे अजून वायद्यावरच आहे.